साठ आकड्या आणि एक अक्षता

लक्ष्मीकांत आंबेरकरांइतका हट्टी माणूस मी अख्ख्या कुवेतमध्ये पाहिला नाही, आणि मी नर्स, माणसं काही थोडी पाहिलेली नाहीत. जहरा शहरातल्या दवाखान्यातून मी नेमबाजीच्या क्लबात आले, प्रथमोपचाराच्या खोलीत. शेजारच्याच वर्कशॉपमध्ये हे आंबेरकरकाका रायफली दुरुस्त करायचे. मोडल्यावर भाग बदलायला कुणीही येतं, मोडायच्या आत बदलावा, हे त्यांचं पालुपद. घरी कुकरची चांगली रिंगसुद्धा बदलायचे आणि काकूंची बोलणी खायचे.

नव्व्याण्णव साली खरेदी बघणाऱ्या मुनव्वरने आकड्यांचा स्वस्त माल आणला, साठ नग. आकडी म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीतला नखाएवढा भाग. गोळी सुटली की रिकामं काडतूस तीच बाहेर ओढते. काकांनी भिंग लावून दोन-चार पाहिल्या. म्हणाले, कडा धड घासलेल्या नाहीत, मी बसवणार नाही. सहा रायफली कुलपात पडल्या. स्पर्धा तोंडावर आलेली आणि रोज या दोघांची जुंपायची. हा हैदराबादी, ते पुण्याचे. भांडण हिंदीत सुरू व्हायचं आणि आपापल्या भाषेत संपायचं. मध्ये माझं डोकं उठायचं.

शेवटी मॅनेजर अबू नासेर वैतागले. त्यांनी निकाल लावायचं ठरवलं: मुनव्वरची एक आकडी एका रायफलीत बसवायची आणि तीनशे गोळ्या झाडायच्या. रायफल अडकली तर मुनव्वर घरी, नाही अडकली तर आंबेरकर घरी. थट्टा नव्हती ती. काकांची जुईली बारावीला होती, चार महिन्यांवर परीक्षा. नोकरी गेली म्हणजे इकामा, तिथे राहायचा परवाना, गेला, पोरीची शाळा अर्ध्यावर. मुनव्वरच्या घरी तर दोन महिन्यांचं बाळ.

चाचणी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी होती. आदल्या दिवशी काकांनी वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा केली होती, मीच पेढे खाल्ले होते. मुनव्वरने आकडी आणून दिली, काकांनी ती मुकाट्याने बसवली. प्रशिक्षक गोळ्या झाडू लागले, मी मोजत होते. एकशे त्रेचाळीसला रायफल अडकली.

मुनव्वर पांढराफटक पडला. अबू नासेरांनी मान हलवली, निकाल लागल्यात जमा होता. काकांनी रायफल रिकामी केली, टेबलावर घेऊन उघडली. मी शेजारीच होते. त्यांनी चिमट्याने ट्रिगरच्या आतल्या सांध्यातून काहीतरी काढलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. लालभडक, कुंकवातला.

माझ्या लख्खकन ध्यानात आलं. रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिची खिटी, गोळी आत सरकवणारा दांडा, नेहमी मागे ओढून उघडी ठेवतात. काकांनी काल लाकडी घोडीवर मांडलेल्या सगळ्या रायफलींवर भक्तिभावाने अक्षता टाकल्या होत्या, त्यातलाच एक दाणा आत घरंगळला होता. आकडी बिचारी निर्दोष होती.

दाणा आम्हा दोघांशिवाय कुणी पाहिला नव्हता. मी डोळ्यांनी खुणावलं, मूठ मिटा. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून खुणावलं. जुईली माझ्याही मांडीवर खेळलेली पोर. पण हा मेला हट्टी माणूस! सरळ अबू नासेरांसमोर गेला आणि तळहात पुढे केला.

"साहेब, चूक आकडीची नाही, माझी आहे," ते हिंदीत म्हणाले. "उरलेल्या गोळ्या झाडा."

पूजा म्हणजे काय, तांदूळ का टाकतात, हे मलाच समजावून सांगावं लागलं. अबू नासेरांना हसावं की ओरडावं कळेना. रायफल साफ झाली, उरलेल्या गोळ्या झाडल्या. तीनशेपर्यंत एकदाही अडकली नाही. काकांनी खिशातून वर्कशॉपची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. माझा असा संताप झाला की त्यांच्याकडे बघवेना.

किल्ली कुणी उचलली नाही. मग मुनव्वर पुढे आला.

"सर, ही एक आकडी मी साठांतून निवडून आणली होती," तो म्हणाला. "अख्खी रात्र भिंगाखाली घातली. बाकीच्यांवर माझाच भरवसा नाही."

अबू नासेर आधी अरबीत बरंच काही बोलले, ते मी सांगत नाही. मग दोघांनाही वर्कशॉपमध्ये पिटाळलं: एकोणसाठ आकड्या तपासा, त्याशिवाय बाहेर येऊ नका.

मी चहा घेऊन गेले तेव्हा एकाच भिंगावर दोन डोकी वाकलेली होती. बाद केलेल्या अडतीस झाल्या होत्या आणि एकोणचाळिसावीवरून भांडण चाललं होतं. काका म्हणत होते चालेल, आणि मुनव्वर म्हणत होता, नाही काका, ही फेका.