फरशीवाले मन्मथअप्पा

मन्मथअप्पा कुठल्याही घरी काम बघायला आले की आधी चपला काढत, पँट घोट्याच्या वर दुमडत आणि त्या जमिनीवरून अनवाणी एक चक्कर मारत. टाच टेकवायची, मग चवडा, मग क्षणभर थांबायचं. डोळे मिटलेले. ज्यांना माहीत नसे त्यांना वाटे, गृहस्थ काहीतरी जप करतोय. कपाळावरच्या विभूतीमुळे आणि गळ्यातल्या इष्टलिंगामुळे तसं वाटणं साहजिकही होतं. चक्कर पुरी झाली की ते एकच वाक्य बोलत, आणि त्यावरून ते काम घेणार की नाही हे ठरे.

आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी चक्कर मारली ती पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. डोळे उघडून म्हणाले, “इथं पाणी हाय.”

दादा, म्हणजे माझे वडील, हसले. खाली कोरडा ठणठणीत कोबा होता, त्यावर धूळ बसलेली. “अप्पा, तुमी काय पानाड्या हाव का?”

अप्पा खाली बसले. पिशवीतून प्लास्टिकचा एक कागद काढला, जमिनीवर पसरला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केला. “उद्या येतो,” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कागदाला आतून घाम फुटलेला होता. बारीक बारीक थेंब. दादा वाकून बघत राहिले.

दादांचं आणि त्या गॅरेजचं थोडं सांगायला हवं. दादांनी सारी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर काढली. परभणी-गंगाखेड, परभणी-पाथरी, नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी नोंदवली. “जिल्हाभर लोकाला घेऊन फिरलो, आता सवताला घेऊन फिरतो,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुण्याला भाच्याच्या बंगल्यात त्यांनी जमिनीला इपॉक्सीचा लेप दिलेलं गॅरेज पाहिलं होतं. एकसंध करडी जमीन, खाली वाकलं तर तोंड दिसेल अशी. तशीच आपल्याकडे हवी, आणि दसऱ्याला गाडी यायच्या आत हवी, हा त्यांचा हट्ट होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवते. दादांनी इतक्या वर्षांत कशाचा हट्ट धरल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मीच चौकशी करून अप्पांचा पत्ता मिळवला होता.

अप्पा मूळचे पेडगावचे. तरुणपणी कोबे घातले, मग शहाबादी, मग मोझॅक घासायचं मशीन घेतलं. पन्नाशी उलटल्यावर एका कारखान्यात पुण्याहून इपॉक्सीवाले आले, त्यांच्या हाताखाली अप्पा मजूर म्हणून राहिले आणि सगळं शिकून आले. इपॉक्सीला ते ‘औषध’ म्हणत. त्याचे दोन डबे असतात, एक मोठा, एक लहान. दोन्ही एकत्र केले की अर्ध्या तासात ते जमिनीवर पसरावंच लागतं, नाहीतर बादलीतच दगड होतो. “औषध लावणं सोपं हाय बाई,” ते मला म्हणाले होते. “रोग वळखणं अवघड.”

आमचा रोग त्यांनी ओळखला. गॅरेजच्या भिंतीला लागूनच पाण्याचा हौद होता. परभणीत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद असतोच. आमचा एका कोपऱ्यात झिरपत होता आणि ओल कोब्याखाली पसरत होती. अप्पा म्हणाले, “हौद रिकामा करा, आतून गिलावा करून घ्या. हिवाळा जाऊ द्या. उन्हाळ्याच्या तोंडाला मी येतो.”

“आन् गाडी काय रस्त्यावर लावू?”

“कोब्यावर लावा. गाडीला काय समजतंय?”

दादांना ते लागलं. चार दिवसांनी ते दुसऱ्याच एका माणसाला घेऊन आले. त्यानं पाणी-बिणी काही विचारलं नाही. दोन दिवसांत जमीन आरशासारखी करून दिली. दसऱ्याला गाडी आली, हार घातला, शेजारीपाजारी चपला बाहेर काढून गॅरेज बघायला आले. दादा त्या दिवशी इतके खूश होते की माझी सगळी शंका मी गिळली.

दिवाळीनंतर जमिनीला फोड यायला लागले. आधी हौदाच्या बाजूला, मग सगळीकडे. गाडी तापून आली की टायरला पापुद्रे चिकटून निघत. दादांनी त्यावर पोती अंथरली. कुणी आलं की शटर ओढून घेत. डिसेंबरात मी त्यांना न विचारता अप्पांना फोन केला.

अप्पा काय बोलतील याची मला धास्ती होती. ते आले, पोतं बाजूला सारलं, उकिडवे बसले आणि अंगठ्याच्या नखानं एक फोड फोडला. आतून पाणी आलं. ते बोटाला लावून त्यांनी नुसतं पाहिलं. दादा दाराशी मान खाली घालून उभे होते.

“हौद कधी रिकामा करायलाव?” अप्पांनी विचारलं. बस, एवढंच. त्या माणसाचं नाव विचारलं नाही की मागचं काही काढलं नाही.

हौदाचा गिलावा झाला. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी अप्पा घासायचं मशीन घेऊन आले. वरचा सगळा थर काढून खालचा कोबा उघडा करायचा होता. मशीन सुरू झालं की गॅरेजमध्ये पांढरी धूळ उडे. अप्पा तोंडाला उपरणं बांधत आणि इष्टलिंग मागे पाठीवर टाकत. दादा सारखे आत-बाहेर करत होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मशीन अचानक बंद झालं.

अप्पा खाली बघत होते. पांढऱ्या धुळीवर पावलांचे ठसे होते, आणि दर दुसरा ठसा लाल होता.

“डायवरसाहेब, बसा,” अप्पा म्हणाले.

दादा स्टुलावर बसले. अप्पांनी त्यांचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. तळव्यात खरवडून निघालेल्या थराचा एक धारदार तुकडा नखभर आत रुतला होता. अप्पांनी तो ओढून काढला. दादांचा चेहरा जराही हलला नाही.

“लागलंच न्हाई,” दादा म्हणाले.

अप्पांनी ब्रशाची मागची बाजू घेतली आणि अंगठ्याला टोचली. “हे समजतंय का?” मग टाचेला. “हे?” मग दुसरा पाय. दादा छताकडे बघत होते. त्यांना साखरेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, एवढं मला माहीत होतं. यापुढचं काही माहीत नव्हतं.

“मंग गाडी कशी चालवायलाव?” अप्पांनी हळू आवाजात विचारलं.

दादा म्हणाले, “अंदाजानं. गाडी हळू झाली की समजतं पाय ब्रेकवर हाय मनून.”

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. दादा माझ्याकडे न बघता पुढचंही बोलले. महिन्याभरापूर्वी रेल्वे फाटकाजवळ सायकलवरची एक मुलगी आडवी आली होती. त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबेना. पाय ॲक्सिलेटरवरच होता. मुलगी आपल्याच घाईत पुढे निघून गेली, तिला काही कळलंही नाही. दादा गाडी बाजूला घेऊन तासभर तिथेच बसून राहिले होते. त्या दिवशी मी उशीर का झाला म्हणून विचारलं होतं, तर म्हणाले होते, फाटक बंद होतं.

“कुणाला सांगू नका, अप्पा,” दादा म्हणाले. मी समोर उभी असूनही म्हणाले.

अप्पांनी उपरणं सोडून दादांच्या तळव्याला बांधलं. पाय मांडीवरच होता. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हाही मध्ये न बोलता ऐकलं आणि आजही त्यात एक शब्द घालावासा वाटत नाही.

“मी एका कामातून उरलेलं औषध घरी नेलं होतं. बायको लय दिवसांपासून मागं लागलेली, लोकाच्या जमिनी चमकवता, आपली कधी करता. सोप्यात लावून दिलं. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. ती लय खूश होती. एक दिवस मी पाय धुऊन आत आलो आन् उंबऱ्याजवळ माझाच पाय सरकला. भिंत धरली मनून वाचलो. मला तवाच समजलं, ह्याच्यात रेती टाकायला पायजे होती. ओल्या पायाला हे धरणार न्हाई. पण दोन बाया तिथंच बसल्या होत्या, वाहवा करायल्या होत्या. मी गप बसलो. मनलं सावकाश करू. दुसऱ्या दिवशी ती पाण्याची घागर घेऊन आली.”

त्यांनी तळव्यावरची गाठ घट्ट केली.

“कंबर मोडली. दोन वर्षं अंथरुणावर होती. सगळ्यांना सांगायची, जमीन झकास झाली, मीच धांदरट. मी तिला कधी सांगितलं न्हाई की आदल्या दिवशी मी घसरलो होतो. तसंच ऱ्हाऊन गेलं.” मग दादांचा पाय खाली ठेवत म्हणाले, “ती मुलगी वाचली, डायवरसाहेब. तुमाला एक दिवस भेटलाय. माझ्याकडं बी एक दिवस होता.”

दादा उठले, लंगडत घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. “शिकून घे,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे मात्र माझ्याआधी तयार होऊन बसले. डॉक्टरांनी तेच सांगितलं, गाडी बंद, आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा.

मार्चमध्ये अप्पांनी प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवला. तो कोरडा निघाला तेव्हा काम धरलं. भेगा भरल्या, प्रायमर मारला, एक दिवस थांबले. औषध कालवायच्या वेळी त्यांनी आपला मोबाइल माझ्याकडे दिला. “आता अर्धा तास मला कुणी बोलायचं न्हाई,” म्हणाले. तो अर्धा तास मी पाहिला. ओल्या थरावर पाय उमटू नये म्हणून खिळ्यांचे बूट घालून ते आतल्या भिंतीपासून मागे मागे येत होते, रोलर एका लयीत फिरत होता, आणि त्यांच्यासमोर ओली करडी जमीन वाढत होती. थर ओला असतानाच मुठीनं बारीक रेती उधळत गेले. वाफ्यात बी फेकतात तशी.

“चमक कमी होईल ना अप्पा?” काम झाल्यावर मी विचारलं.

“होईल की.”

दादा दारात बूट घालून उभे होते. “होऊ द्या,” म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी गाडी शिकले. मागे घेताना दादा शेजारी बसून ‘डावं तोड, डावं तोड’ म्हणून ओरडत. अप्पा कधी इकडे आले की गॅरेजमध्येच खुर्ची टाकून बसत. दोघं तासन् तास बोलत. अप्पा रस्त्यांबद्दल विचारत, दादा जमिनींबद्दल. कधी दोघंही काहीच बोलत नसत. मी शाळेतून येई तेव्हा ते असे शेजारी शेजारी बसलेले दिसले की मला उगीच बरं वाटे.

दोन वर्षं अशी गेली. मग अप्पांना दम लागायला लागला. आयुष्यभर छातीत गेलेली धूळ. चार पावलं टाकली की थांबत. शेवटी लातूरला असलेल्या लेकीनं, दवाखाना जवळ पडेल म्हणून, त्यांना बोलावून घेतलं. आम्ही त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मी गाडीनं लातूरपर्यंत सोडते म्हणाले होते, पण अप्पांनी ऐकलं नाही. दादांनी त्यांना चालकाच्या मागच्या सीटवर बसवलं आणि त्या तरुण चालकाला जाऊन म्हणाले, “गंगाखेडच्या अलीकडं एक गतिरोधक हाय, रंग उडालाय, दिसत न्हाई. तिथं हळू घ्या. ह्यांना धक्का सोसत न्हाई.” चालक म्हणाला, “घेतो काका.” अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला. दादांनी तो धरला, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

अप्पा लातूरलाच गेले, त्या वर्षीच्या वैशाखात. त्यांच्या समाजात दहन करत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. पेडगावला आणून शेतात, बायकोच्या शेजारी त्यांना समाधी दिली. आम्हाला तीन दिवसांनी कळलं.

मी दादांना घेऊन पेडगावला गेले. अप्पांचा मुलगा शिवराज शेती करतो. तो आम्हाला बांधावरून घेऊन गेला. काळ्या मातीचा ताजा उंचवटा होता, त्यावर सुकलेला बेल आणि विभूती. शिवराजचे डोळे अजून सुजलेले होते.

“सोमवारी मिस्त्री यायलाय काका,” तो दादांना म्हणाला. “ओटा बांधतो, वर ग्रॅनाइट बसवतो. आयुष्यभर लोकाच्या जमिनी केल्या त्यांनी. त्यांचं काम झकास झालं पायजे.”

दादा सावकाश वाकले. मातीचं एक ढेकूळ उचललं, हातात दाबून पाहिलं.

“हे भुसभुशीत हाय अजून,” ते म्हणाले. “पाऊस पडला की खाली बसंल. आता बांधलं तर ओटा चिरंल.”

“पण लोकं काय म्हणतील? बापाचा ओटा बी बांधला न्हाई.”

“म्हणू दे.” दादांनी ते ढेकूळ परत जिथल्या तिथे ठेवलं आणि हात झटकले. “दिवाळीला मी येतो. तवा बघू.”

शिवराजनं खिशातून मोबाइल काढला आणि मिस्त्रीला फोन लावला.