कावूनमामांचा सोलर पंप

पर्यावरणासाठी कुणी काही केलं म्हटलं की आमच्या मामांचं तोंड कडू काकडी खाल्ल्यासारखं व्हायचं. "कावून?" एवढंच विचारायचे. का केलं, त्यानं काय साधलं, ते सांगा. समोरच्याला सांगता यायचं नाही आणि मामांना गप्प बसता यायचं नाही. अख्खं चकलांबा गाव त्यांना कावूनमामा म्हणायचं. लग्नाची पत्रिका आणणारे लोक ती मामींच्या हातात देऊन सटकायचे.

नांदूरघाटच्या एका पत्रिकेवर तर 'पर्यावरणपूरक विवाह' असं छापलेलं होतं. म्हणजे काय, तर चहा प्लॅस्टिकऐवजी कागदी कपात. मामांनी रिकामा कप गरम पाण्यात भिजत घातला, पंगती उठेपर्यंत वाट पाहिली, आतला पातळ पापुद्रा नखानं सोलला आणि वधूपित्याच्या हातावर ठेवला. "कागदाला आतून प्लॅस्टिकचा सदरा घातलाय. तुमच्याकडं स्टीलचे पेले न्हाईत का?" पेले होते की! पण घासणार कोण? पर्यावरण वाचवायचं ते हात ओले न करता, ही आपली जुनी हौस आहे.

कापडी पिशव्यांचं तेच. जो पुढारी येईल तो स्वतःचा फोटो छापलेली पिशवी वाटणार. मामींची ट्रंक त्या पिशव्यांनीच भरली होती. मामा मात्र बाजाराला खताच्या गोणीची, चक्क प्लॅस्टिकची पिशवी न्यायचे. लोक हसले की म्हणायचे, "कापसाला बी पाणी लागतंय. ट्रंकेत ठेवायला पिशवी कशाला पिकवायची? ही फाटंस्तोवर हीच." शेजाऱ्यानं ठिबक बसवून पाणी वाचवल्याबद्दल सत्कार घेतला आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला. मामा सत्काराचा पेढा खाऊन आले आणि कितीतरी दिवस हसत होते.

मग मामांनी स्वतः सोलर पंप घेतला, आणि त्या वेळी मात्र त्यांनी स्वतःला 'कावून?' विचारलं नाही. डिझेलचा धूर नाही, विजेची वाट पाहणं नाही, हे खरंच होतं. पण ऊन फुकटचं, म्हणून पंप दिवस मावळेपर्यंत चालायचा. पाणी मिळतंय म्हणून मोसंबीची बाग वाढली. शेजाऱ्याचंच गणित, पण ते आता मामांना दिसेना.

बांधापलीकडे धाकट्या मामींची विहीर. धाकटे मामा वारल्यापासून त्या दोन म्हशींवर घर चालवत होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती विहीर तळाला गेली. मामांनी त्यांना कमी पावसावर आणि खडकाच्या थरांवर व्याख्यान दिलं. एवढा हुशार माणूस इतकं मूर्खासारखं बोलताना मी पुन्हा पाहिला नाही. धाकट्या मामींनी म्हशी विकायला काढल्या.

व्यापारी दाराशी आला, तेव्हा मामा अनवाणीच बांध ओलांडून गेले.

"म्हशी इकू नको," ते म्हणाले. "माझा पंप काय पाणी तयार करत न्हाई. तुझ्या हिरीतलं ओढतोय. चूक माझी हाय."

त्या दिवसापासून पंप दुपारी बंद व्हायला लागला. निम्मी मोसंबी वाळली. गाव पोटभर हसलं आणि मामांनी हसू दिलं. धाकट्या मामींच्या विहिरीला हळूहळू पाणी आलं, म्हशी दावणीला राहिल्या.

यंदा उन्हाळ्यात मामा गेले. ज्यांना त्यांनी जन्मभर छळलं, तेच लोक शोकसभेत 'थोर पर्यावरणप्रेमी' म्हणून गळा काढत होते. मग रणरणत्या उन्हात त्यांच्या नावानं एक रोप लावलं, जे आठवडाभरही जगणार नव्हतं. त्याला पाणी घालायला मामांच्या मुलानं पंप चालू केला. फोटो काढून झाले, लोक परत सावलीला येऊन बसले, भाषणं सुरू झाली, तरी पंप चालूच.

धाकट्या मामी बायकांतून उठल्या, पदर सावरत गेल्या आणि पंप बंद करून आल्या. मुलगा म्हणाला, राहू द्या की काकू, ऊन फुकटच तर आहे.

"भाऊजी दुपारी बंद करायचे," त्या म्हणाल्या. "दुपार झाली."

मुलगा खाली बसला. इतकी भाषणं ऐकूनही मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.