धुरपदाबाईंची मिश्री

आमच्या लालबागेत कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं माझ्या सासूबाईंचं. धुरपदाबाई बसल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही, असा त्यांचा मान. खालचे दात गेले, कवळी आली, तरी गात होत्या. मग एका हळदीत गाता गाता कवळीच उडाली नि थेट हळदीच्या ताटात! बायका पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून सासूबाई कुणाच्या हळदीला गायल्या नाहीत.

माझ्या कुसुमचं लग्न ठरलं. नातीच्या हळदीला आजी गप्प? मी त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरीण शारदाबाईंकडे नेलं. बाईंनी जबड्याचा फोटो काढला.

"आजी, मागचं हाड पार झिजलंय, तिथे कवळी धरून ठेवणारे स्क्रू बसणार नाहीत. पुढे थोडं शिल्लक आहे. तिथे दोन बसवू. तीन महिन्यांत हाडानं धरले की कवळी त्यांच्यावर घट्ट बसेल. पण मिश्री बंद. स्क्रू बसवायच्या आधी महिनाभर, नंतरही. नाहीतर हाड धरणार नाही."

मिश्री बंद! पन्नास वर्षं हिरड्यांना ती जळकी तंबाखू चोळल्याशिवाय या बाईनं चहा घेतला नव्हता. मी मनात म्हटलं, आठ दिवस टिकल्या तरी खूप. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "लपव."

सव्वीस दिवस टिकल्या. सत्ताविसाव्या दिवशी शेजारच्या मालूबाईकडून चिमूटभर घेतलीच.

"डॉक्टरीणबाईंना सांगू नका हं आई," मी बजावलं. "तारीख पुढे जाईल, मग हळदीला दात नाहीत. एका चिमटीनं काय होतंय?"

कसलं काय! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, मी काल लावली. महिना पहिल्यापासून धरा." शारदाबाईंनी तारीख पुढे ढकलली. मला भारी राग आला.

हळदीच्या दिवशी स्क्रू हाडात मुरत होते. कवळी अजून लावायची नव्हती. सासूबाई कुसुमजवळ बसल्या आणि बोळक्या तोंडानं गायला लागल्या. शब्द ओठांतून निसटत होते. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसा व माय, खुशाल हसा!" सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "खोटं बोलले असते तं आज तोंडात दात असते."

खोटं शिकवणारी मी तिथेच बसले होते. लाज वाटली, पण त्याहून अभिमान वाटला. माझी सासू आहे ती! मी पुढची ओळ मोठ्यानं म्हटली, आणि मग सगळ्या बायकांनी.