बोट वर, पेन वर

माझ्या अर्जावर चर्चा चालली होती आणि त्या चर्चेचे मिनिट्स मी लिहीत होते.

आखातातल्या आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, नऊ खुर्च्या, खिडकीत घरघरणारा एसी. माझी खुर्ची टेबलाशी नव्हती, भिंतीला लागून होती. मांडीवर शॉर्टहँडची वही. मुद्दा क्रमांक सहा : मराठी विषय सुरू करणे आणि शिक्षिकेची नेमणूक. अर्ज एकच आला होता. माझा.

मला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. बाहेर पाठवायला आधी आत कुणीतरी बसलंय हे लक्षात यावं लागतं.

चेअरमन म्हणाले, "क्वालिफिकेशन तो ठीक है. बी.ए. मराठी, बी.एड. अब महाराष्ट्र की तरफ से कौन बोलेगा?"

महाराष्ट्रातर्फे काका बोलायचे. पुण्याचे. एका मोठ्या कंपनीत अकाउंट्सला होते आणि इथल्या मराठी मंडळाचे कर्तेधर्ते. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मीही.

काका शेजारच्या काझीभाईंकडे वाकले आणि मराठीत म्हणाले, "भाषा घरातून येते हो. यांच्या घरात कुठली आलीय? उद्या आपली मुलं घरी येऊन 'काहून, काहून' करतील. आणि नमस्काराऐवजी जयभीम घालतील."

काझीभाई रत्नागिरीचे. मनामाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. ते हसले. फार नाही, कपामागे लपेल इतकंच.

"व्हॉट इज ही सेइंग?" चेअरमननी विचारलं.

काकांनी तेच इंग्रजीत धुऊन-पुसून सांगितलं. "बॅकग्राउंड, सर. शी इज फ्रॉम दॅट कम्युनिटी. पेरेंट्स विल नॉट लाइक."

चेअरमनचं बोट वर गेलं. "ऑफ द रेकॉर्ड."

आणि माझं पेन वर गेलं.

काका जे बोलले ते मी नागपुरात लहानपणापासून ऐकलेलं होतं. मला सांगायचं आहे ते माझ्या पेनाबद्दल.

ही शाळा कशी चालायची ते आधी सांगते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. खाडीयुद्ध संपलं होतं, नोकऱ्या पुन्हा निघत होत्या, माणसं बायकामुलं घेऊन येत होती. त्यांच्या मुलांसाठी इथल्या भारतीयांनी चालवलेली एक छोटी शाळा. पालक मतं देऊन नऊ जणांची कमिटी निवडत. कागदावर ती निवडणूक होती. प्रत्यक्षात प्रत्येक प्रांताचे मोठे लोक कुणाच्या तरी घरी जेवायला जमत आणि एकेक नाव ठरवत. मग नऊ जागांना नऊच अर्ज येत. बसचा मार्ग, शिक्षकांच्या रजा, वर्गाच्या भिंतींचा रंग, सगळं हे नऊ जण ठरवत. नऊही पुरुष.

मी त्यांची स्टेनो. नवरा एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन, त्याच्या व्हिसावर मी आलेली. शाळेला शॉर्टहँड येणारी बाई हवी होती, मला नोकरी हवी होती. कॉलेजात असताना शॉर्टहँडचा क्लास केला होता, तो कामी आला. डिग्री फाइलमध्ये राहिली.

मुलाखतीला काका होते. त्यांनी विचारलं, "नागपूर का? वा. नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

इंदोरा म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. काकांनीही विचारला नाही. नोकरी मात्र दिली. टाईप करायला जात आडवी येत नाही.

पहिल्याच मीटिंगला प्रिन्सिपॉलनी मला नियम सांगितला. चेअरमनचं बोट वर गेलं की लिहायचं थांबायचं. बोट खाली आलं की पुन्हा सुरू. बस्स. मी तीन वर्षं तेच केलं. बोट वर, पेन वर. इतकी सवय झाली की मान वर करून बघावंही लागत नसे, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं. पुढे कुठून लिहायचं ते कळावं म्हणून मी थांबले तिथे वहीत एक आडवी रेघ मारायची.

त्या दिवशीही मारली. मुद्दा सहाखाली. रेघ मारताना हात थरथरला असं लिहिलं तर खोटं होईल. हात स्थिर होता. मला काहीच वाटलं नाही. एसीचा आवाज ऐकू येत होता. काकांच्या बशीत सामोशाचा कोपरा उरला होता, तो दिसत होता. बोट खाली आलं. चेअरमन म्हणाले, "कन्सिडर्ड. नॉट फाउंड सूटेबल. नेक्स्ट." मी लिहिलं. कन्सिडर्ड. नॉट फाउंड सूटेबल. मुद्दा सातमध्ये क्रीडादिनाच्या तंबूची चर्चा झाली, तीही लिहिली.

दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र टाईप करायचं होतं. कोण करणार? मीच. 'डिअर मॅडम, युवर ॲप्लिकेशन वॉज कन्सिडर्ड.' खाली प्रिन्सिपॉलची सही घेतली. आउटवर्ड रजिस्टरमध्ये नंबर टाकला. पाकिटावर माझंच नाव टाईप केलं. मग पोचपावतीच्या वहीत 'मिळाले' म्हणून मीच सही केली. टेबलाच्या या बाजूचं पत्र त्याच बाजूला राहिलं. पाकीट फोडलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी काका ऑफिसात आले. त्यांच्या मुलीच्या दाखल्याचं काम होतं. काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुझ्या भल्याचंच झालं. पालक बोलले असते, तुलाच ऐकून घ्यावं लागलं असतं."

मी दाखला पुढे केला.

"आणि पत्र बघितलं मी फाइलमध्ये. तूच टाईप केलंस ना? एक चूक नाही. हुशार आहेस गं."

ते गेले. मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या नकाराचं पत्र मी बिनचूक टाईप केलं म्हणून मला शाबासकी मिळाली होती. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मला बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं मला समजलं, आणि मला माझीच लाज वाटली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

मधल्या सुट्टीत मी कपाट उघडलं. शॉर्टहँडच्या जुन्या वह्या काढल्या आणि रेघा बघत गेले. कुठल्या रेघेखाली काय बोललं गेलं ते मला सगळं आठवत होतं. न लिहिलेलं जास्त आठवतं. एक रेघ : पोलिओ झालेली मुलगी, जिना चढू शकत नव्हती, तिला प्रवेश नाकारला. कमिटीतल्या एकाने तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवली होती. मिनिट्समध्ये 'जागा उपलब्ध नाही'. दुसरी रेघ : सहावा महिना लागलेली शिक्षिका. "पोट घेऊन वर्गात फिरणार का?" मिनिट्समध्ये 'स्वेच्छेने राजीनामा'. आणखी एक रेघ : चोरी केली म्हणून काढलेला बसचा ड्रायव्हर. तो चोर नव्हता हे नऊही जणांना माहीत होतं.

प्रत्येक रेघेखाली एक माणूस होता, आणि सगळ्या रेघा माझ्या हातच्या. ते बोट वर करत होते, पण पेन माझं होतं. स्वतःची पाळी येईपर्यंत मला हे दिसलं नव्हतं. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये.

त्या दिवशी उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटवर पोचल्यावर नवरा म्हणाला, "काय झालं ते सांगून नाही राहिली तू."

मी सांगितलं, आणि आता मिनिट्समध्ये काय लिहिणार आहे तेही. त्याने पक्कड पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाला, "नोकरी जाईन."

"जाईल."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "गेली असं मी धरून चाललो."

मुलगी तिथेच अभ्यास करत होती. सहावीत, त्याच शाळेत. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. "आई, विल दे थ्रो मी आउट ऑल्सो?"

"काढलं तर दुसरी शाळा बघू," मी म्हटलं. तिला धीर द्यायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

पुढच्या मीटिंगआधी मी मिनिट्स टाईप केले. मुद्दा सहाखाली काका काय म्हणाले ते मराठीत जसंच्या तसं, देवनागरीत, टाईपरायटरवर ती अक्षरं नव्हती म्हणून हाताने. खाली इंग्रजी भाषांतर. मग काकांचं इंग्रजी वाक्य. मग 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणणाऱ्याच्या नावासकट. नऊ प्रती काढून नऊ फोल्डरमध्ये ठेवल्या.

मीटिंगचा पहिला मुद्दा नेहमी मागचे मिनिट्स कायम करण्याचा. चेअरमन दर वेळी एकच वाक्य म्हणत, "टेकन ॲज रेड?" म्हणजे सगळ्यांनी वाचलेत असं धरून चालू. नऊ माना हलत आणि सही होई. कुणी कधी वाचलेले नसत. त्या दिवशीही फोल्डर मिटलेले होते. चेअरमननी सहीला पेन उघडलं.

गप्प राहिले असते तर सही झाली असती. मला तशी सही नको होती.

"सर, कुणी वाचलेले नाहीत," मी म्हटलं. "मी वाचून दाखवते."

उभी राहिले आणि वाचलं. काकांचं मराठी काकांच्याच शब्दांत. 'काहून, काहून'. जयभीम. मग भाषांतर. आवाज चढवला नाही. क्रीडादिनाच्या तंबूचा मुद्दा वाचते त्याच आवाजात वाचलं.

चेअरमनचं बोट वर गेलं होतं. मी वाचत राहिले.

"हे काय आहे?" काका ओरडले. "अगं, तुला आम्ही नोकरी दिली! हे असं लिहितात?"

"तुम्ही बोललात, काका. मी लिहिलं."

"स्ट्राइक इट ऑफ," चेअरमन म्हणाले.

शाळेची नियमावली मीच टाईप केलेली होती. कलमं पाठ होती. "सर, खोडायला ठराव लागतो. सूचक आणि अनुमोदक, दोघांची नावं लिहावी लागतात." मी बसले, वही मांडीवर घेतली, नवं पान काढलं. "सूचक कोण?"

जे नाव लिहिलं जाईल ते त्या वाक्यांशेजारी कायमचं राहणार, हे सगळ्यांना समजलं होतं.

चेअरमननी काझीभाईंकडे बघितलं. काझीभाई दोन्ही हात हलवत म्हणाले, "माझा नाव नको त्यात, साहेब. मी धंद्याचा माणूस."

काकांनी स्वतःचं नाव दिलं नाही. इतर सहा जणांनीही नाही.

"पेंडिंग," चेअरमन म्हणाले. मी लिहिलं, पेंडिंग.

पेंडिंग मिनिट्स पुढच्या मीटिंगला पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतात. तो नियमच आहे. मार्चला आले, मी उभी राहून वाचले. एप्रिलला आले, वाचले. मेमध्ये दोन जण हा मुद्दा संपल्यावरच आत आले. सूचक मिळाला नाही. सहीही झाली नाही. आणि बोट वर जाईनासं झालं. ते लोक सुधारले असं नाही. बोलायचं ते जिन्यात बोलून यायला लागले.

जूनमध्ये प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. माझं काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं नव्हतं. "लेटर टाईप करून आणा, मी सही करते."

"हे मी टाईप करणार नाही."

"मग कोण करणार?"

"ज्यांनी ठरवलं ते."

शेवटी काकांनी दोन बोटांनी टाईप केलं. चार ओळींत तीन चुका. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. चुकांसकट पत्र फाइलला लावलं, वह्या कपाटात ठेवल्या, किल्ली टेबलावर ठेवली. मराठी विषय सुरू झाला नाही. मुलीला शाळेतून काढलं नाही, पण वर्षभर तिच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी माघार घेतली नाही. तिने अजून मला माफ केलेलं नाही.

तीन महिन्यांनी मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मुलाखतीला गेले. बाहेर वेल्डिंग चाललं होतं, ओरडून बोलावं लागत होतं. मॅनेजरने स्पीड विचारला. सांगितला. टेस्ट घेतली. म्हणाला, "गुड. सॅटरडे से यल्ला, काम शुरू. कुछ पूछना है?"

"पूछना नहीं, बताना है," मी म्हटलं. "मीटिंग में मैं बैठी हूँ, तो पेन चलेगा. इशारे से रुकेगा नहीं."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी हसले नाही, तेव्हा त्याचं हसू थांबलं.

ज्याला लिहिलेलं नको असेल, त्याने माझ्यासमोर बोलू नये.