साचाखात्यातली मुकी बोली

मी मुळात तापट, आणि त्या वर्षी तर पायाला भिंगरीच लागली होती. परळच्या एका हॉस्पिटलात मला बॅन्डेजच्या कोठीशेजारची खोली मिळाली होती. वाचा शिकवणारी बाई म्हणजे काय, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. "बोलायला आई शिकवते, त्याला पगारी बाई कशाला?" असं मोठे डॉक्टर तोंडावर म्हणाले. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, मधूनच संचारबंदी. आणि आत मी एकाला तरी बोलतं करून दाखवायला उतावीळ.

तेव्हा लालबागचे एक विणकर आले. कॅन्सरमुळे त्यांचा आवाजाचा भागच काढून टाकलेला, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. हवा गिळायची, ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द उमटवायचा, हे त्यांना शिकवायचं होतं. पुस्तकातला क्रम ठरलेला: आधी पा, टा, का. पण हे नुसते ओठ हलवायचे, बोटं नाचवायचे, आणि भेटायला आलेले मिलमधले दोस्त त्यावर खो खो हसायचे. साचाखात्यात, म्हणजे मिलच्या विणाईच्या खात्यात, मागांचा एवढा खडखडाट, की तिथे सगळे वर्षानुवर्षं ओठांनी आणि हातांनीच बोलत, हे मला त्या दोस्तांनी सांगितलं. माझं डोकं फिरलं. याचं काही अडतच नाही, मग हा माणूस कष्ट कशाला घेईल?

"हात मांडीखाली घाला," मी ओरडले. "नुसता आळस आहे हा."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यातच लालबागेत गोळीबार झाल्याचं कानावर आलं. संचारबंदी उठल्याबरोबर पत्ता विचारत चाळ गाठली. ते सुखरूप होते, खाटेवर बसलेले. स्टोव्हपाशी त्यांची बायको. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तिला काहीच दिसत नव्हतं.

मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "बाय, ह्ये घरात इले काय गेले, माका कळना नाय. त्या दिवशी गोळी चालली. कोणतरी येवन खाटेर बसलो. मी इचारलंय कोण, तर गप. माझो जीव गेलो. मगे हात लावन बगलंय, तर हेच."

अख्ख्या साचाखात्याशी बोलू शकणारा माणूस एकट्या हिच्याशी बोलू शकत नव्हता, आणि मी त्याला आळशी ठरवून मोकळी झाले होते. घरी कोण आहे, एवढं साधं विचारलं नव्हतं मी. मला स्वतःची अतोनात लाज वाटली.

पुस्तक मिटलं. त्यातल्या क्रमात म पुष्कळ पुढे होता, पण आम्ही एकच शब्द धरला: मी. त्यांना घाम फुटायचा, उमासे यायचे, खोकल्याने जीव नकोसा व्हायचा. मी येरझाऱ्या घालायचे. कित्येक आठवड्यांनी तो शब्द निघाला, घोगरा, पोटातून आल्यासारखा. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चाळीत गेले.

ती तांदूळ निवडत होती. त्यांनी दारात उभं राहून हवा गिळली.

"मी."

तिने पदर सावरला. "कोण आसा? ते घरात नाय हत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही सांगा, असं त्यांचे ओठ म्हणाले. तेवढं मला आता वाचता येत होतं. मी मान हलवली. नाही. त्यांनी पुन्हा हवा गिळली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

तिचे हात सुपात थांबले. तिने दाराकडे कान केला. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "मगे दारात कित्याक उभे? जेवूक वाढू?"