शेठची छिन्नी आणि फ्रेंच चमचे

सराफ्यात केरसुद्धा फेकत नाहीत. त्यात चांदीचे कण असतात. अकोल्याच्या आमच्या दुकानात किस्सेही तसेच कोपऱ्यात साचले. मी तागडीवर बसायचो. पाहिलं तेच सांगतो.

*

कापूस खरेदीला आलेला एक फ्रेंच साहेब मायदेशी निघाला. आजीच्या लग्नातले चांदीचे काटे-चमचे त्यानं आमच्या शेठकडे विकायला आणले. प्रत्येकाच्या दांड्यावर दोन बारीक शिक्के. एक शंकरपाळ्याच्या आकाराचा, कारागिराचा. दुसऱ्यात लोखंडी टोप घातलेल्या बाईचं डोकं.

"हा आमच्या सरकारचा स्टँप. चांदी शुद्ध!" साहेब म्हणाला.

शेठचा नियम एकच. खाच पाडून पाहिल्याशिवाय चांदी घ्यायची नाही.

"चांगल्या मालाले शिक्का काहून लागते? खाली काहीतरी झाकलं असन!"

त्यांनी छिन्नी उचलली आणि खाच बरोबर शिक्क्यांवरच पाडली. एकेका नगावर. चांदी शुद्ध निघाली. साहेब तोवर रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

*

एकच चमचा वाचला. शेठाणीबाईंनी साहेबाला विचारलं होतं, "ही बाई कोन व्हय?"

"देवी."

"देवी? अन् तुमी तिले उष्टं करता?"

चमचा देवघरात गेला. तिथं छिन्नी चालत नसे.

*

काट्यांना गिऱ्हाईक मिळेना. परतवाड्याच्या एका बागवाल्यानं काटा उलटासुलटा केला.

"शेठ, चमचा फाटला हाय. दुसरा दाखवा."

*

शेवटी उरलेला सगळा संच जठारपेठेतल्या एका वकिलांनी घेतला. रावसाहेबीच्या किताबासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि त्याची शिफारस करणारे डेप्युटी कमिशनर साहेब जेवायला येणार होते.

"शेठ, खाच दिसते हो."

"दिसू द्या. पाहुन्याले समजन, माल तपासेल हाय!"

वकिलांनी आठवडाभर घरच्यांना काट्यानं भाकर खायला लावली. त्यांची आई म्हणाली, "हात धुतले ना रे मी? मंग काहून टोचून राहिला?"

*

डिनरला कमिशनर साहेबांनी सूपाआधी चमचा उलटा केला. "हॉलमार्क कुठे गेला?"

वकिलांनी टांगा धाडून शेठला बोलावलं. मीही सोबत गेलो.

शेठ साहेबांना म्हणाले, "शिक्का पाहाचा तर आमच्या देवघरात हाय. आंघोळ करून या."

वकिलांनी घाईघाईनं साहेबांपुढे सूप सरकवलं.

साहेब चिडले नाहीत. खिशातून त्यांनी चांदीची सिगारेट केस काढली. "ही विलायतेची. शिक्का शाबूत आहे. हिच्याबद्दल काय म्हणणं?"

कोणी अडवायच्या आत शेठची छिन्नी चालली. शिक्क्यावरच. त्यांनी खाच दिव्याजवळ नेऊन पाहिली. पुन्हा पाहिली. मग केस स्वतःच्या रुमालात गुंडाळून साहेबांच्या हातात दिली.

"सायेब, शिक्क्याखाली जे हाय ते आपल्या दोघातच!"

त्या साली रावसाहेबीचा किताब अकोल्यात आला. वकिलांना नाही. आमच्या शेठला.