चपलांच्या कपाटातला शिक्का

लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला जेमतेम दोनदा भेटलो होतो. एकदा कांदेपोह्यांना आणि एकदा हॉटेलात, तेही तिची मावशी शेजारच्या टेबलावर कान टवकारून बसलेली असताना. लग्न उरकून मी टोकियोला परतलो, विवाहनोंदणीचा दाखला इमिग्रेशनच्या खिडकीतून आत सरकवला आणि काही आठवड्यांत बायको तिथल्या निशी-कसाई भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटायला लागली. तुमची ओळख किती, जीव किती, असं कुणीही विचारलं नाही.

माझा मित्र आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं एकत्र होते. दोघेही पुण्याचे, दोघेही पुरुष. त्यांच्याकडे असा दाखला नव्हता आणि तो मिळण्याची सोय ना इथे होती, ना तिथे.

मित्र माझ्याआधी दोन वर्षं जपानला आलेला. मी आलो तेव्हा आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती, पण आम्हाला घर द्यायला घरमालक नाखूश असत. माझ्या घरमालकाला जपानी जामीन हवा होता. मित्र मला त्याच्या साहेबांकडे घेऊन गेला. पन्नाशीचे, कमी बोलणारे जपानी गृहस्थ. त्यांच्यासमोर तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "याची जबाबदारी माझी." मी मागे नव्या बुटांत अवघडून उभा. साहेबांनी आपला हांको, म्हणजे नावाचा छोटा शिक्का, काढला आणि कागदावर उमटवला. इथे सहीपेक्षा त्या लाल ठिपक्याला मान. माझा संसार त्याच्यावर उभा राहिला.

जोडीदार जपानी भाषा शिकायला म्हणून विद्यार्थी व्हिसावर आला होता. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. मला अळूवड्या आवडतात म्हणून त्याने गॅलरीत कुंडीत अळू लावलं होतं. ऑफिसात सगळे त्याला 'रूममेट' म्हणत, मीही म्हणायचो. मला कळत होतं, पण न कळल्यासारखं करणं फार सोयीचं होतं. बायको आल्यावर तिलाही मी रूममेट असंच सांगितलं.

भाषेची शाळा संपली, व्हिसा संपला, जोडीदार पुण्याला परत गेला. दोनेक महिन्यांनी स्टेशनबाहेर कॉफी पिताना मित्र म्हणाला, "तो रूममेट नाहीये रे माझा."

"माहितीये," मी म्हणालो.

तो एकदम सुटल्यासारखा हसला. मग त्याने काम सांगितलं. जोडीदाराला एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. नोकरी लागली तर त्याला स्वतःच्या हक्काचा व्हिसा मिळणार होता आणि दोघांना पुन्हा एकत्र राहता येणार होतं. मुलाखतीपुरतं यायला नव्वद दिवसांचा व्हिसा हवा आणि त्यासाठी जपानमधला कुणीतरी हमीदार.

"माझं कॉन्ट्रॅक्ट बदलतंय, व्हिसाचे तीनच महिने उरलेत. माझी हमी कोण धरणार? तुझा तीन वर्षांचा आहे. फक्त शिक्का मार."

"अरे, त्यात काय!" मी म्हणालो.

त्यात काय होतं, हे मला आजही धड सांगता येत नाही. अर्जात नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहायचं होतं. तो माझा मित्रच होता, म्हणजे खोटंही काही लिहायचं नव्हतं. पण मला भीती वाटली. आपल्या गणपतीच्या कमिटीत कुणाला कळलं तर? उद्या माझीच फाइल कुणी उघडली तर? बायकोला आवडणार नाही, असंही मी मनात ठरवून टाकलं. तिला विचारलं मात्र नाही. नकार द्यायची हिंमत नव्हती, म्हणून आपलं नेहमीचं, "बघतो", "या आठवड्यात नक्की". शेवटी फोनवर सांगितलं, "हांको सापडत नाहीये रे. नवीन करायला टाकलाय."

रविवारी सकाळी तो स्वतःच आला. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, पेन्सिलने खुणा केलेल्या. "निदान सही करून ठेव, शिक्का आला की मार. मुलाखतीला तीनच आठवडे आहेत." बायकोने उपमा दिला. तो खात होता तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाला, कणकेचं पोतं घेऊन. मी दार उघडलं, सवयीने डावा हात चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात घातला, हांको काढला आणि पावतीवर ठप्पकन मारला.

वळलो तर तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी म्हणू शकलो असतो, अरे, सापडला बघ! हसून तिथल्या तिथे त्याच्या कागदावर शिक्का मारता आला असता. हांको माझ्या मुठीत होता, शाई ओली होती. मी तो खिशात घातला. त्याने उपमा संपवला, बशी स्वतः धुतली, बायकोला म्हणाला, "छान झाला होता, वहिनी," आणि फोल्डर बॅगेत घालून निघून गेला. चिडला असता तर बरं झालं असतं. लाज वाटली, फार वाटली, पण त्याच्या मागे जिना उतरण्याइतकी नाही.

मुलाखतीची तारीख टळली. वर्षभरात ते दोघे कॅनडाला गेले. तिथे त्यांच्यासारख्यांना जोडपं म्हणून अर्ज करता येत होता. निरोपाला त्याने मला बोलावलं नाही. अळूची कुंडी आमच्या दाराशी ठेवून गेला. मी ती हिवाळ्यात मरू दिली.

बऱ्याच वर्षांनी मी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला. त्यालाही हमीदार लागतो. मी पुन्हा त्याच साहेबांकडे गेलो, आता ते निवृत्त. त्यांनी चहा दिला, एकही प्रश्न न विचारता हांको काढला आणि शाईवर टेकवला.

"तुमचा मित्र कसा आहे? तुमच्यासाठी किती वाकला होता तेव्हा," ते म्हणाले. "कॅनडाला एकटाच गेला का?"

शिक्का अजून कागदावर उमटायचा होता.

"हो, एकटाच," मी म्हणालो. त्यांनी शिक्का मारला आणि मी दोन्ही हातांनी कागद घेतला.